काँक्रिटचं अंगण का फुटतं?

गावात ज्यांनी काही वर्षांपूर्वी अंगणात काँक्रिट टाकलं, त्यांच्याकडे जा आणि भेगांवरून बोट फिरवून पाहा. केसाएवढ्या बारीक, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा वेगळ्या. मधोमध या काठापासून त्या काठापर्यंत गेलेली सरळ भेग वेगळी. आणि जिच्यावरून बोट नेताना एका बाजूला ठेच लागते, ती तर पार वेगळी. पहिल्या प्रकारच्या भेगा काम झालं त्याच दिवशी पडलेल्या असतात. दुसरी पुढच्या काही महिन्यांत, काँक्रिट वाळून आकसताना पडते. तिसरी काँक्रिटनं पाडलेलीच नसते, ती खालच्या जमिनीनं पाडलेली असते. लोक मात्र तिघींना एकच कारण चिकटवतात, ‘सिमेंट खराब निघालं’. सिमेंट बिचारं बहुतेक वेळा निर्दोष असतं. हिशेब चुकलेला असतो तो पाण्याचा.

आधी ठेच लागणाऱ्या भेगेकडे वळू, कारण ती एकदा पडली की काही केल्या बुजत नाही. बुलढाण्यापासून वर्धा-नागपूरपर्यंतची काळी माती ही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाच्या खडकाची, बेसाल्टची, झीज होऊन तयार झालेली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याचे थर भाकरीच्या चळतीसारखे एकावर एक असतात, फक्त एकेका थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी. पाणी या थरांच्या मध्ये शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि जमीन फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेलं की जमीन आकसते आणि शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. शेणानं सारवलेलं अंगणही असंच फुगायचं आणि फाटायचं, पण पुढच्या सारवणात भेग बुजून जायची. काँक्रिटला ती सोय नाही. दाब सोसायला ते दणकट असलं तरी ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी असते, म्हणून खालून उचललं गेलं की तडकतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे खडकच निराळा आहे. तिथं शेतात लाल-पिवळी माती दिसत असेल, तर ही भानगड बरीच कमी.

लाद, म्हणजे काँक्रिटचा सलग थर, टाकल्यावर आणखी एक गोष्ट घडते, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काँक्रिटनं झाकलेल्या मातीतून पाणी उडून जाणं थांबतं, त्यामुळे मधल्या भागाखाली ओल साचत जाते. काठाखालची माती मात्र दर पावसाळ्यात फुगते आणि दर उन्हाळ्यात बसते. दोन-तीन वर्षांत अंगणाचा मध्य किंचित वर येतो, कडा अधांतरी राहतात आणि धान्याच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली कडेवर चढली की कोपरा मोडतो. घराच्या छपराची पागोळी अंगणाच्या काठावरच पडत असेल, किंवा काठालगत मोठा कडुनिंब पाणी ओढत असेल, तर हा खेळ दुप्पट जोरात चालतो. पागोळी नळीनं दूर सोडावी. झाडाभोवती मोकळं आळं ठेवावं. आंघोळीचं पाणी लादीच्या कडेला मुरू देऊ नये.

यावर उपाय मुरमाचा. वरची दीड-दोन फूट काळी माती काढून तिथं मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर करून, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून, धुम्मसानं किंवा रोलरनं ठोकून. लादीच्या काठाबाहेरही फूटभर मुरूम गेला पाहिजे. पुष्कळ मिस्त्री मुरमाऐवजी रेती भरायला सांगतात. काळ्या मातीवर हे घातक ठरतं. रेतीतून पाणी सरळ खाली उतरतं आणि काळ्या मातीत खोदलेल्या खड्ड्यात हौदासारखं साचून राहतं. जो थर न फुगणारा आहे, पण ज्याचे कण एकमेकांना धरून राहतात, तो खालच्या मातीचं फुगणं दाबून ठेवतो, हे आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवरच्या संशोधनातून दाखवलं. चांगला मुरूम नेमका तसाच असतो. आता, दोन फूट माती काढून सगळा प्रश्न सुटत नाही, कारण खाली काळी माती दहा फूटही असू शकते. पण अंगणासाठी यापेक्षा जास्त खोदणं मला तरी परवडणारं वाटत नाही.

घराला पाया आहे, अंगणाला नाही. दोघं वेगवेगळे हलणार, हे धरूनच चालायचं. म्हणून भिंत आणि लाद यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी उभी ठेवावी, लाद भिंतीला चिकटवू नये. उतार घरापासून बाहेर, फुटाला पाव इंच पुरे.

साहित्याचा हिशेब सोपा आहे. 15 बाय 20 फुटांचं अंगण, जाडी 4 इंच, म्हणजे 100 घनफूट, बरोबर एक ब्रास काँक्रिट. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी या प्रमाणात त्याला साधारण 23 पोती सिमेंट, 42 घनफूट रेती आणि 84 घनफूट गिट्टी लागते. रेती-गिट्टी मिळून ब्रासपेक्षा जास्त कशी, असं विचाराल तर गिट्टीमधल्या पोकळ्या रेतीनं भरतात आणि रेतीमधल्या सिमेंटनं. ट्रॅक्टर आत येणार असेल तर त्या पट्ट्यात जाडी 6 इंच ठेवावी.

आता पाणी किती? 50 किलोच्या पोत्याला या मिश्रणासाठी काँक्रिटच्या कामाचं भारतीय मानक 456 जास्तीत जास्त 30 लिटर सांगतं. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी यापेक्षा कमी पुरतं, वजनाच्या सुमारे 38 टक्के, म्हणजे 19 लिटर. वरचं पाणी केवळ माल पसरता यावा म्हणून. ते पुढे उडून जातं आणि आपल्या जागी बारीक नळ्या, छिद्रं सोडून जातं. सिमेंटच्या मानानं पाणी वाढलं की ताकद घटते, हे अमेरिकेत काँक्रिटचे अभ्यासक डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये मांडलं आणि आजही जगभर त्याच आधारानं प्रमाणं ठरतात. आपल्याकडे मात्र मिक्सरशेजारी एक बादली सतत तयार असते. माल जरा कडक दिसला की फावडेवाला ती ओततो, कारण पातळ माल ओढायला हलका. कोणी मोजत नाही.

रेतीही इथं फसवते. पोत्यामागे दीड भाग म्हणजे साधारण 80 किलो रेती. ती 4 टक्के ओली असली तरी तिच्याबरोबर 3 लिटर पाणी न सांगता आत जातं, तेवढं बादलीतून कमी करायला हवं. दुसरं म्हणजे थोडी ओली रेती फुगते. कणांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे तिचं आकारमान 20-30 टक्क्यांनी वाढतं, म्हणून घमेल्यानं मोजताना रेती प्रत्यक्षात कमी पडते. ओल्या रेतीचं घमेलं शिगोशीग भरावं, कोरडीचं सपाट.

एवढं सांभाळूनही काँक्रिट आकसणारच. 20 फूट लांबीत वाळून साधारण 2 मिलिमीटर, आणि तापमान 30 अंशांनी उतरलं तर आणखी तेवढंच. भेग पडणार हे नक्की, मग ती कुठं पडावी हे आपण ठरवायचं. 15 बाय 20 ची लाद दोन्हीकडून मधोमध विभागून साडेसात बाय दहाचे चार तुकडे करावेत, एक इंच खोल खाच देऊन. खाचेपाशी लाद पातळ असल्यानं भेग तिथंच, सरळ रेषेत, आतल्या आत पडते. माल ओला असताना पट्टी दाबून खाच पाडता येते. कटर आणणार असाल तर माल घट्ट झाल्याबरोबर, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर उन्हाळ्यात भेग तुमच्याआधी जागा निवडते.

लोखंडी जाळीनं भेग थांबत नाही, फक्त रुंदावत नाही, आणि तेही जाळी लादीच्या वरच्या एक-तृतीयांश जाडीत असेल तरच. जमिनीवर अंथरून ‘ओतताना वर ओढून घेऊ’ म्हणणाऱ्यांची जाळी कायम तळाशीच सापडते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथं विहिरींचं पाणीच खारं, तर जाळीचा आग्रह न धरलेला बरा. लोखंड असलेल्या काँक्रिटसाठी पाण्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड, म्हणजे मिठातला क्षार, चालतं, साध्या काँक्रिटला 2000 पर्यंत. खाऱ्या विहिरीचं पाणी वापरलंत तर जाळी गंजून फुगेल आणि लाद आतून फोडेल.

राहिल्या त्या जाळीदार भेगा. आपल्याकडे बांधकामं निघतात एप्रिल-मेमध्ये, शेतं रिकामी असतात म्हणून. हवा कोरडी, वारा गरम, पारा 45 च्या घरात. ओतलेल्या काँक्रिटच्या तोंडावर जे पाणी वर येतं, त्यापेक्षा वेगानं ते उडतं आणि माल घट्ट व्हायच्या आत त्वचा तडकते. मानकानुसार ओततानाचा माल 40 अंशांपेक्षा गरम नसावा. गिट्टीचा ढीग दिवसभर उन्हात तापलेला असेल तर हे जमत नाही. ढीग आदल्या दिवशी झाकावा, गिट्टीवर पाणी मारावं, मुरूम भिजवावा आणि काम उन्हं उतरल्यावर सुरू करावं. खरं विचाराल तर दिवाळीनंतरचा काळ उत्तम, पण तेव्हा कापूस वेचणीत माणूस मिळत नाही. फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात मधला मार्ग, जमीन तेव्हा ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली. वर आलेलं पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरून घोटाई करतात, तेही टाळावं. पुढे त्याचेच पापुद्रे निघतात. पाणी जिरू द्यावं, मग गुरमाळा फिरवावा आणि झाडूनं हलके ओरखडे द्यावेत. पावसात पाय घसरत नाही.

तराईत, म्हणजे टाकलेलं काँक्रिट ओलं ठेवण्यात, मात्र हात आखडू नये. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन होतं. तराईच न केलेल्या काँक्रिटची ताकद जवळपास निम्म्यावर राहू शकते. बाजारात मिळणाऱ्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटमध्ये औष्णिक वीज केंद्रांची राख मिसळलेली असते. ती सावकाश क्रिया करते, म्हणून तराई किमान 10 दिवस आणि शक्यतो 14. मातीचे वाफे बांधून पाणी उभं करणं सर्वात चांगलं. पाण्याची टंचाई असेल तर भिजवलेले बारदाने अंथरून वर प्लास्टिक, ते सकाळ-संध्याकाळ उचलून पाहावं, बारदाना कोरडा दिसता कामा नये. चौथ्या दिवसापासून माणसांनी चालायला हरकत नाही. बाज टाकून झोपायची घाई असलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दिवसभर तापलेली लाद रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, मातीच्या अंगणाची गारवा देणारी झोप इथं नाही. ट्रॅक्टर 28 दिवसांनंतर आत घ्यावा, आणि खाचा पहिल्या पावसाआधी गरम डांबरानं भरून घ्याव्यात, नाहीतर सगळं पाणी तिथूनच मुरमात उतरेल.