कठड्याचं टोक

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक गाडी कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. गाडी वेगात होती आणि मागे बसलेल्या दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता. या दोन गोष्टींची खूप चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. तिसऱ्या गोष्टीची मात्र त्या मानाने कमी झाली. अहमदाबादहून मुंबईकडे येताना तिथे रस्ता अरुंद होतो आणि पुलाच्या काँक्रीट कठड्याचं टोक वाहनांच्या वाटेत पुढे येतं. ते टोक येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कोणत्याही संरक्षणाशिवाय उभं होतं. अपघातानंतर तिथे धक्का शोषून घेणारी यंत्रणा बसवण्यात आली.

‘चालकाचा ताबा सुटल्याने’ या शब्दांपाशी आपल्याकडची अपघाताची बातमी बहुतेक वेळा संपते. रस्ता अभियंत्यांचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. ताबा सुटणारच, कधी डुलकीमुळे, कधी टायर फुटल्यामुळे, कधी समोर अचानक गुरं आल्यामुळे. सुटल्यावर गाडी कशावर जाऊन आदळते, हे मात्र रस्ता बांधणाऱ्याच्या हातात असतं.

अमेरिकेत या विचाराला बळ मिळालं ते जनरल मोटर्सच्या मिशिगनमधल्या चाचणी मैदानावर. केनेथ स्टोनेक्स हे तिथले अभियंता. तिथे रस्ता सोडून भरकटलेल्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की कडेची जमीन सपाट आणि मोकळी असेल, तर सुमारे ८० टक्के गाड्या ३० फुटांच्या, म्हणजे नऊ मीटरच्या आत सावरतात किंवा थांबतात. झाडं, खांब, दगड हटवले, उतार सौम्य केले की बरेचसे अपघात जीवघेणे ठरतच नाहीत. १९६० च्या दशकात हे ३० फूट अमेरिकी रस्त्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये पोचले.

पण बोरघाटात नऊ मीटर मोकळी जागा कुठून आणायची? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पुलावर तर प्रश्नच नाही. अशा ठिकाणी क्रॅश बॅरिअर, म्हणजे गाडीला रस्त्याबाहेर जाऊ न देणारा कठडा, लागतो.

महामार्गाच्या कडेला दिसणारा पन्हळी पत्र्याचा बॅरिअर पाहिला, तर वाटतं, जेमतेम तीन मिलिमीटरचा हा पत्रा काय गाडी अडवणार? खरं तर गाडी समोरासमोर अडवणं हे त्याचं काम नाहीच. त्याचं काम तिला वळवायचं आहे. अमेरिकेत बॅरिअरची चाचणी घेताना गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने, २५ अंशांच्या कोनात त्यावर सोडतात. या कोनात कठड्याच्या दिशेने जाणारा वेग भरतो फक्त ताशी ४२ किलोमीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून कठड्याला गाडीच्या एकूण ऊर्जेपैकी जेमतेम १८ टक्के झेलावी लागते. बाकीच्या ऊर्जेसह गाडी कठड्याला घासत पुढे जाते आणि हळूहळू थांबते.

या १८ टक्क्यांसाठीही बारीक विचार केलेला असतो. धडक बसली की खांब वाकतात, बोल्ट निसटतात आणि पत्रा खांबांपासून सुटून ताणलेल्या पट्ट्यासारखा काम करतो. खांब आणि पत्रा यांच्यामध्ये जो ठोकळा असतो, तो चाकाला खांबात अडकू देत नाही. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० नंतर यात सुधारणा केली. पूर्वी पत्र्याची वरची कड जमिनीपासून २७ इंच असायची. पिकअप आणि एसयूव्ही उंच होत गेल्या, तशा त्या पत्र्यावरून पलीकडे जाऊ लागल्या. नव्या रचनेत उंची ३१ इंच झाली, ठोकळा जाड झाला आणि पत्र्यांचे सांधे खांबावरून काढून दोन खांबांच्या मध्ये आणले. कारण धडकेत पत्रा फाटतो तो बहुधा सांध्यावर, आणि खांबापाशी त्याच्यावरचा ताण सर्वाधिक असतो.

हे सगळं कठड्याच्या लांबीबद्दल झालं. गाडी त्याच्या टोकावर गेली, तर मात्र १८ टक्क्यांचा हिशेब संपतो आणि सगळीच्या सगळी ऊर्जा एका ठिकाणी जिरवावी लागते. ताशी १०० किलोमीटर म्हणजे ३९ मीटर उंचीवरून, बारा-तेरा मजल्यांवरून पडण्याइतकी ऊर्जा. टोक उघडं असेल, तर पत्रा गाडीच्या आत घुसतो. यावर उपाय म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत टोक पिळून जमिनीत गाडायला सुरुवात झाली. मग गाड्या त्या उतारावर चढून उलटू लागल्या. टेक्सासमधल्या वाहतूक संशोधन संस्थेने पुढे वेगळीच युक्ती काढली. टोकाला एक पोलादी डोकं बसवायचं. गाडी त्यावर आदळली की डोकं पत्र्यावरून मागे सरकतं, पत्र्याची पन्हळ चपटी करतं आणि त्याला वाकवून रस्त्यापासून दूर बाहेर सोडतं. पत्रा चपटा करण्यात गाडीची ऊर्जा खर्च होते. मला तर या सगळ्या क्षेत्रातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते.

काँक्रीटच्या टोकासाठी दुसरा मार्ग आहे आणि तो काढला मोटार शर्यतींच्या एका खेळाडूने. जॉन फिच १९५५ च्या ल मांस शर्यतीत मर्सिडीजकडून उतरले होते. त्यांची गाडी सहचालक पिएर लव्हेग चालवत असताना प्रेक्षकांत घुसली. लव्हेग आणि ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. पुढे फिच यांनी महामार्गासाठी वाळूची प्लॅस्टिक पिंपं तयार केली. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या माऱ्यापासून तंबू वाचवायला वाळू भरलेले इंधनाचे डबे लावत, ती आठवण त्यामागे होती.

या पिंपांत वाळू सारखी भरत नाहीत. पुढच्या पिंपात साधारण ९० किलो, मग १८०, ३२०, ६४० आणि शेवटी ९५०. समजा, हजार किलोची गाडी ताशी १०० वेगाने येऊन एकामागे एक लावलेल्या पिंपांवर आदळली. प्रत्येक पिंपातली वाळू गाडीच्या वेगाने पुढे ढकलली जाते आणि गाडीचा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, वाटला जातो. पहिल्या पिंपानंतर वेग ९२ राहतो, मग ७८, ५९, ३६ आणि शेवटी १८. एका धक्क्यात २३ पेक्षा जास्त वेग कुठेच कमी होत नाही. हीच रांग उलटी लावली, तर पहिल्याच पिंपाशी गाडी १०० वरून थेट ५१ वर येईल आणि आतल्या माणसाच्या छातीला, मानेला तो धक्का सोसावा लागेल. तीच वाळू, तीच पिंपं, फरक फक्त क्रमाचा.

आपल्याकडे हे ज्ञान पोचलेलं नाही, असं नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची क्रॅश बॅरिअरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१५ पासून आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं मेली. त्याच वर्षी तिथे रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मृत्यू शून्यावर आणण्याचं काम हाती घेतलं. त्यात कडेच्या कठीण वस्तू आणि बॅरिअरची उघडी टोकं शोधून झाकणं हा मोठा भाग होता. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

इतर महामार्गांवर अडचण वेगळी आहे. गावाकडे, पेट्रोल पंपाकडे, धाब्याकडे जायला बॅरिअर मध्येच तोडला जातो. प्रत्येक तोडीमागे दोन नवी टोकं तयार होतात आणि त्यांना बहुधा फक्त वाकवलेला साधा पत्रा लावलेला असतो. बॅरिअर किती किलोमीटर लावला याचा हिशेब होतो, तसा टोकांचाही व्हायला हवा.

आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. बॅरिअरच्या चाचण्या मात्र मोटारी आणि ट्रक डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. घसरत गेलेला दुचाकीस्वार पत्र्याखालून थेट खांबावर आदळतो. युरोपातल्या काही देशांत धोकादायक वळणांवर पत्र्याखाली दुसरी पट्टी लावून खांब झाकतात. आपल्या घाटांत ही पट्टी आधी यायला हवी होती.

चारचाकीचं गणितही बदलतंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेब्रास्काच्या संशोधकांनी तीन टनांहून जड असा विजेवर चालणारा पिकअप ट्रक ताशी सुमारे १०० वेगाने पत्र्याच्या बॅरिअरवर सोडला. तो बॅरिअर फाडून पलीकडे गेला, वेग फारसा कमी न होता. बॅटरीचं वजन वाढलं की ऊर्जा वाढते, आणि वजन खाली असल्याने गाडी पत्र्याखाली शिरण्याचा धोकाही वाढतो. त्यामुळे पत्रा, खांब आणि उंची यांची आकडेमोड पुन्हा मांडावी लागणार आहे.

तोवर राष्ट्रीय महामार्गावर कुठे काँक्रीटचं उघडं टोक, धडकेनंतर तसाच लोंबणारा पत्रा किंवा बोल्ट गायब झालेला खांब दिसला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून १०३३ या हेल्पलाइनला किलोमीटर दगडाचा आकडा आणि दिशा सांगा.