बाराबंदीपासून चिलखतापर्यंत

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बाहेर पडले की अर्धं सोलापूर पांढरं होतं. काठी पेलणारे, तिच्या मागेपुढे चालणारे, बापाचं बोट धरून आलेली पोरं, सगळ्यांच्या अंगात बाराबंदी, बंदांनी बांधायचा पांढरा सदरा. एक बटण नाही. बारा बंद, दोन-दोन मिळून सहा गाठी. गड्डा, म्हणजे ही यात्रा, उरकला की आपण ती धुऊन, घडी घालून वर्षभरासाठी ट्रंकेत ठेवतो. पण जुन्या काळची लढाई खरीखुरी उभी करायची तर सुरुवात कुठून करू, असं मला कुणी विचारलं की मी या बाराबंदीकडे बोट दाखवतो, तलवारीकडे नाही.

हे शहाणपण ठेच लागून आलेलं आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्टा फिरवणाऱ्या आमच्या पोरांसाठी आम्ही एकदा मावळ्यांचे तयार पोशाख मागवले. मखमलीचे अंगरखे, सोनेरी रंग दिलेल्या पत्र्याची चिलखतं. पहिल्याच पोराने पट्टा डोक्यावर नेला आणि बगलेत टरकन् उसवलं. अंगरख्याला चौबगलाच नव्हता. बगलेत बसवायचा तो चौकोनी तुकडा नसला की हात खांद्याच्या वर जाताना सगळं कापड वर ओढलं जातं. दुसऱ्याला मखमलीच्या उकाड्याने चक्कर आली. पत्रा तर लेझीमच्या एका धक्क्याने वाकला. त्या दिवसापासून मी जुन्या पोशाखाच्या मागे लागलो, आणि वाट थेट युरोपपर्यंत गेली.

तिकडे मध्ययुगातली लढाई पोशाखासकट पुन्हा लढणं हा मोठा छंद आहे, त्याला रीएनॅक्टमेंट म्हणतात. चिलखत घालून खरोखरची झटापट करायची, म्हणून नियमही कडक. त्या मंडळींचा पोशाख आतून बाहेर चढतो. सगळ्यात आधी अंगाला लागून जाड अस्तरी डगला, त्यावर कड्यांचं चिलखत, त्यावर पोलादाचे पत्रे. आतल्या डगल्याशिवाय चिलखताला अर्थ नाही. कड्या धार अडवतात, मार अडवत नाहीत. तलवार कातडीपर्यंत पोचली नाही तरी तिच्या दणक्याने बरगडी मोडायची ती मोडतेच. तो दणका जिरवायचं काम कापडाचं.

त्या डगल्याचं एक नाव ऍकेटन. ते आलं अरबी ‘अल-कुत्न’ वरून, आणि अल-कुत्न म्हणजे कापूस. इंग्रजीतलं कॉटनही तिथलंच. युरोपातल्या सरदाराच्या पोलादाखालचं पहिलं चिलखत कापसाचं नाव घेऊन आलं, हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या एकाच गोष्टीचा विचार करत होतो. चादरी विणणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटूच शकत नाही.

पंधराव्या शतकात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळातला एक हुकूम आहे. सैनिकाच्या डगल्याला कापडाचे तीस, निदान पंचवीस पदर असावेत, वर हरणाचं कातडं असावं, आणि कापड वापरून मऊ पडलेलं असेल तर उत्तम. अशा डगल्याला आपल्याकडचा शब्द चिलता. मूळ फारसी, अर्थ चाळीस पदरी. तिकडे तीस, इकडे चाळीस. आणि वापरून मऊ झालेलं कापड म्हटल्यावर मला आजीची वाकळ आठवली. नवं कापड ती वाकळीला कधी घेत नसे. चार जुन्या साड्या, दोन धोतरं, वरून खालपर्यंत दाट धावदोरा. नव्या कापडाचे थर एकमेकांवर सरकतात, जुन्याचे एकमेकांना धरून बसतात. आम्ही नंतर स्वतः डगला शिवला तेव्हा अठराव्या पदराला साधी सुई वाकायला लागली आणि दाभण घ्यावं लागलं. शिवून झाल्यावर तो जमिनीवर उभा केला तर तसाच उभा राहिला. अंगात घालून पोराने पाठीवर लाठी घेतली. आवाज मोठा आला, वळ उठला नाही.

कापड टिकत नाही, ही या विषयातली सगळ्यात मोठी अडचण. लोखंड गंजून का होईना, उरतं. कापसाची माती होते. म्हणून जे थोडं उरलं आहे त्याला सोन्याचं मोल आहे. आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या गादीवर हक्क सांगणारा शार्ल द ब्लुआ १३६४ साली ओरेच्या लढाईत पडला. त्याचा म्हणून मानला जाणारा अंगसरशी, अस्तरी डगला फ्रान्समध्ये लियोंच्या वस्त्रसंग्रहालयात आहे. त्याच्या बाहीचा घेर खांद्यावर न थांबता छातीत आणि पाठीत खोल उतरतो, त्यामुळे हात वर नेला तरी कमरेचं कापड हलत नाही. आपल्या शिंप्याने जे काम चौबगल्याने केलं, ते त्यांनी बाहीच्या या गोलाईने केलं. रीएनॅक्टमेंटवाले आजही त्याच डगल्यावरून बेतून शिवतात. बंदांचंही तेच. त्यांच्या चिलखताचे पत्रे आतल्या डगल्याला नाड्यांनी बांधलेले असत, म्हणजे वजन एका ठिकाणी न लटकता सगळ्या अंगावर वाटलं जाई. बाराबंदी ज्याने कधी घातली असेल त्याला हे सांगावं लागत नाही. बंद सैल करता येतात, आवळता येतात, आणि एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात.

लोखंडाबद्दल सगळ्यात मोठा पुरावा स्वीडनच्या गोटलंड बेटावर, व्हिसबी गावाबाहेर सापडला. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कच्या चौथ्या वाल्देमारच्या फौजेने तिथल्या शेतकऱ्यांच्या सैन्याचा पुरता धुव्वा उडवला. ऐन उन्हाळा, प्रेतं लवकर खराब होणार, म्हणून पुष्कळांना अंगावरच्या सामानासकट सामुदायिक खड्ड्यांत पुरलं, असं मानलं जातं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ते खड्डे उकरले गेले तेव्हा अकराशेहून अधिक सांगाडे निघाले, आणि त्यांच्यासोबत आत लोखंडी पट्ट्या ठोकलेले डगले, कड्यांच्या टोप्या, हातमोजे. स्वीडिश संशोधक बेंग्ट थोर्डेमान याने १९३९-४० मध्ये त्याचा तपशीलवार ग्रंथ काढला. ‘अस्सल’ चिलखत करणारा प्रत्येक कारागीर आजही त्यातल्या आकृत्या पुढ्यात घेऊन बसतो. ज्यांच्या अंगावरून हे सगळं शिकलो ती साधी शेतकरी माणसं होती. चौदाव्या शतकातल्या डगल्याची ठोकणी बघताना मला हे विसरता येत नाही.

बोथट हत्यारांनी लढणं ही आजची पळवाट आहे, असं काहींना वाटतं. तसं नाही. इंग्लंडमध्ये १२९२ च्या कायद्याने खेळातल्या लढतीत टोकदार तलवारीला मनाई केली होती. फ्रान्समधल्या आंजूचा उमराव रने याने १४६० च्या सुमारास खेळाच्या लढतींवर पुस्तकच लिहिलं. त्यात तलवारीचं पातं चार बोटं रुंद असावं, म्हणजे ते टोपाच्या फटीतून आत जाणार नाही, आणि धार बोटभर जाड असावी असं सांगितलं आहे. इतकी काळजी घेऊनही १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्याच्या खेळात मोडक्या भाल्याची चिरफळी टोपातून आत घुसून मेला. आजच्या स्पर्धांत भोसकायला बंदी असते, ती उगाच नाही.

आधुनिक छंदाची कहाणी थोडक्यात सांगतो. इंग्रज अभ्यासक सॅम्युअल मेरिक याने १८२४ मध्ये चिलखतांचा अभ्यास पहिल्यांदा नीट कालक्रमाने मांडला. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या उमरावाने भाल्यांचा मोठा सोहळा भरवला, तो मुसळधार पावसाने चिखलात गेला. अमेरिकेत बर्कलीला १९६६ साली एका घराच्या परसात जमलेल्या मंडळींतून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम ही मध्ययुगीन लढती खेळणारी संस्था निघाली. त्यांची तलवार वेताची. पोलंडमध्ये १४१० ची ग्रुनवाल्डची लढाई दरवर्षी जुलैत मैदानावर लढली जाते. आणि २०१० साली युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ सुरू झाली: पोलादाची बोथट हत्यारं, संघ विरुद्ध संघ, खाली पडला तो बाद. अशा स्पर्धांत उतरण्याआधी तपासणी होते. टोप एका शतकाचा आणि हातमोजे दुसऱ्या शतकाचे, असं चालत नाही. प्रत्येक वस्तू कशावरून केली ते चित्र, थडग्यावरचं शिल्प किंवा उत्खननातला तुकडा दाखवावा लागतो. आपल्या मिरवणुकांत हा एक नियम आला तरी मला पुष्कळ झालं.

या सगळ्या सामानाचा मोठा हिस्सा भारतातच तयार होतो, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. डेहराडूनचं विंडलास स्टीलक्राफ्ट्स १९४३ पासूनचं. सुरुवात कुकरीपासून झाली, आज त्यांच्या तलवारी परदेशी शौकिनांकडे जातात. रिव्हेट मारलेल्या कड्यांची चिलखतंही इथून जातात. ही कडी मी हातात घेऊन पाहिली आहे. तार सळईवर गुंडाळायची, कापायची, टोकं एकावर एक चढवून चपटी करायची, भोक पाडायचं, त्यात बारीक खिळा ठोकायचा. एका कडीत चार कड्या, आणि असं हजारो वेळा. टोकाला टोक नुसतं भिडवलेली कडी स्वस्त पडते, पण भाल्याच्या एका दाबाने उघडते. मिरवणुकीतली बहुतेक चिलखतं अशीच असतात. जुन्या हिंदुस्थानी चिलखतांत कुठे कुठे मधोमध आडवी दांडी असलेली कडीही दिसते. आणि गंगाजमनी काम म्हणजे लोखंड, पितळ, तांबं यांच्या कड्या मिसळून काढलेली नक्षी. साडीच्या काठाची वीण ओळखणाऱ्याला ती चटकन वाचता येते.

आता आपल्या भागाकडे येतो. सोलापूरचा भुईकोट दख्खनच्या सुलतानांत कायम भांडणाचं कारण होता. १५२४ साली इथे इस्माइल आदिलशहाची बहीण बुऱ्हाण निजामशहाला दिली गेली, आंदण म्हणून सोलापूर कबूल झालं, प्रत्यक्षात दिलं गेलं नाही, आणि लढाया जुंपल्या. पुढे निजामशाहीतल्या चांदबिबीच्या लग्नात हाच किल्ला आंदण म्हणून विजापूरच्या आदिलशहाकडे परत गेला. या तटाखाली लढलेली माणसं काय घालत होती? पंधराव्या शतकात बिदरला आलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन लिहितो की हत्तींना पोलादी चिलखत असे, सुळ्यांना तलवारी बांधत, आणि पायदळ मात्र उघडं, अनवाणी, एका हातात ढाल आणि दुसऱ्यात तलवार. साधारण १५२० च्या सुमारास विजयनगर पाहिलेल्या पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पायशच्या वर्णनात घोडेस्वारांचे दुहेरी अस्तरी डगले आहेत, आत कच्च्या चामड्याचे थर आणि लोखंडी पत्रे. म्हणजे व्हिसबीच्या डगल्याचा हा दख्खनी भाऊबंदच. त्याच जातीचा आणखी एक म्हणजे चिलता हजार माशा, पितळी मेखांनी मढवलेला अस्तरी डगला. श्रीमंताच्या अंगावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पत्रे, म्हणजे चार-आईना.

निकितिनच्या त्या एका ओळीने आपल्या मिरवणुका बदलाव्यात, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे ट्रॅक्टरवर उभा राहणारा प्रत्येक पोरगा सरदार असतो. खऱ्या फौजेत शंभरातल्या बहुतेकांकडे धोतर किंवा चोळणा, मुंडासं, कमरेचा शेला आणि ढाल, इतकंच होतं. खात्री करायची तर आपल्या जिल्ह्यात गावोगाव देवळांच्या आवारात पडलेल्या वीरगळी पाहा. खालच्या चौकटीत लढणारा वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. अंगावर कासोटा, केसांचा बुचडा, हातात तलवार आणि गोल ढाल. मराठ्यांच्या काळातही चिलखत बहुधा कापडाखाली दडलेलं असे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली महाराज अफझलखानाला भेटायला गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून.

हत्यारांचंही मूळ शोधायला गेलं की परदेश आणि शेजार दोन्ही भेटतात. मराठ्यांच्या फिरंगीचं सरळ पातं बऱ्याचदा युरोपातून आलेलं, मूठ इथली, नावातच फिरंगी. उलट तेलंगणातल्या कोनसमुद्रमचं मुशीतलं पोलाद इराणी व्यापारी घेऊन जात, तिकडे त्याच्या लहरीदार तलवारी होत. ज्या तेलंगणातून आपल्या पद्मशाली विणकरांची घराणी इथे आली, तिथलंच हे पोलाद. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते, म्हणजे हत्यारासोबतच हातमोजाही आला. २०२४ साली राज्य शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने लोकांच्या हातातली हत्यारं गेली, आणि आखाड्यात लाठी व फरी-गदका उरले. गदका म्हणजे चामडं चढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. बर्कलीच्या मंडळींनी वेताने जे साधलं, ते आपल्याकडे आखाड्यात आधीपासून होतं. म्हणून आमची पोरं आता सरावाला पोलाद घेत नाहीत. अंगात अठरा पदरी डगला, त्याखाली जुनी बाराबंदी, हातात फरी-गदका, डोक्यावर मुंडाशाखाली जाळीचा टोप. पाच डगले झालेत. सहाव्यासाठी शेजारच्या आजींनी तीन धुवट धोतरं आणि एक नऊवारी बाजूला काढून ठेवली आहे, आणि चौबगला आधी कापायचा, हे आता पोरांनाही सांगावं लागत नाही.