कोणता वेगवान गोलंदाज खेळवायचा? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारी २०१८, केपटाउन. भुवनेश्वर कुमारने पहिल्या पाच षटकांतच एल्गर, मार्करम आणि आमला यांना तंबूत धाडलं आणि दक्षिण आफ्रिकेची अवस्था ३ बाद १२ करून टाकली. सामन्यात त्याला सहा बळी मिळाले. तरी पुढच्या, सेंच्युरियनच्या कसोटीत तो संघाबाहेर होता. तिथल्या खेळपट्टीवर उंचपुऱ्या इशांत शर्माला उसळी मिळेल, असा हिशेब होता. इशांतने गोलंदाजी चांगलीच केली, पण भारत १३५ धावांनी हरला आणि मालिकाही गेली. जोहान्सबर्गच्या तिसऱ्या कसोटीत भुवनेश्वर परतला. त्या उसळत्या, धोकादायक खेळपट्टीवर त्याने ३० आणि ३३ धावा केल्या, चार बळी घेतले आणि तो सामनावीर ठरला. त्यानंतर तो एकही कसोटी खेळला नाही. दुखापती झाल्या हे खरं, पण सामनावीर ठरलेली कसोटीच शेवटची ठरावी, ही बोच माझ्या मनातून जात नाही.

‘हा का, तो का नाही’ हा वाद आज प्रत्येक दौऱ्याआधी होतो. आपल्याकडे तो इतका विचित्र वळणं का घेतो, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात तर झकास होती. २५ जून १९३२ला लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळायला उतरला, तेव्हा मोहम्मद निसार आणि अमर सिंग यांच्या हाती नवा चेंडू होता. इंग्लंडचे तीन गडी १९ धावांत गेले आणि निसारने डावात पाच बळी घेतले. पण अमर सिंग १९४०मध्ये ऐन तारुण्यात गेले आणि फाळणीनंतर निसार पाकिस्तानचे झाले. त्या तोडीची जोडी पुढे कित्येक वर्षं मिळाली नाही.

मधल्या काळात मुंबईच्या रमाकांत देसाईंसारख्यांनी एकहाती ओझं वाहिलं. अंगाने लहानखुरे देसाई १९५८-५९च्या मोसमात दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध पदार्पण करत होते. त्या एका डावात त्यांनी ४९ षटकं टाकली आणि १६९ धावांत चार बळी घेतले. वेगवान गोलंदाजाकडून एका डावात ४९ षटकं! गोलंदाजांवरच्या ताणाचा हिशेब तेव्हा कोण ठेवत होतं?

मग फिरकीचं राज्य आलं. १९६७मध्ये बर्मिंगहॅमला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघेही एकत्र खेळले. नवा चेंडू टाकायला सुब्रमण्य आणि बुधी कुंदेरन! कुंदेरन म्हणजे मुळात यष्टिरक्षक. पुढे सुनील गावसकरांनीही काही वेळा गोलंदाजीची सुरुवात केली. चेंडूची लकाकी एकदाची गेली की फिरकीपटू आणायचे, एवढाच त्या षटकांचा अर्थ. माझ्या मते खरं नुकसान इथे झालं. कोण चांगला आहे हा प्रश्नच उरला नाही, कुणीतरी हवा म्हणून घ्यायचं एवढंच राहिलं.

ऑक्टोबर १९७८मध्ये फैसलाबादला कपिल देव आला आणि हे चित्र पालटलं. त्याच्या उसळत्या चेंडूंनी पाकिस्तानचा फलंदाज सादिक मोहम्मदला हेल्मेट मागवायला लावलं. १९८७मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाचा माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिलीच्या देखरेखीखाली एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं आणि पोरांना वेगवान गोलंदाजी शिकण्याची जागा मिळाली. तरी मायदेशातलं गणित तेच राहिलं: दोन वेगवान, बाकी फिरकी. जवागल श्रीनाथने १९९१मध्ये ब्रिस्बेनला पदार्पण केलं, पण मायदेशातली पहिली कसोटी त्याला १९९४च्या अखेरीस मिळाली, कपिल निवृत्त झाल्यावर. उमेदीची तीन वर्षं! त्याचे कसोटी बळी २३६वर थांबले. आणखी किती झाले असते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्ट वेगळी. संघाबाहेर गेल्यावर २००६मध्ये तो इंग्लंडमध्ये वूस्टरशरकडून कौंटी खेळला, चेंडू टाकण्याआधीची धाव (रन-अप) कमी केली आणि चेंडूवर हुकमत मिळवून परतला. २००७मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने नऊ बळी घेऊन कसोटी जिंकून दिली. निवड समितीने वगळल्यावर गोलंदाज घडल्याचं हे उदाहरण आहे, पण त्यावरून वगळणं हीच योजना होती असं कुणी समजू नये.

विदर्भाच्या उमेश यादववर मात्र खेळपट्टीच्या हिशेबाने खरा अन्याय केला. ऑक्टोबर २०१८मध्ये हैदराबादला पालघरचा शार्दूल ठाकूर पदार्पणात दहाच चेंडू टाकून जखमी झाला. उमेश एकटाच वेगवान गोलंदाज उरला आणि त्या खेळपट्टीवर त्याने सामन्यात दहा बळी घेतले. दोन महिन्यांनी ॲडलेडच्या पहिल्या कसोटीत त्याला जागा नव्हती. पुढे पर्थला घेतलं ते फिरकीपटूला पूर्ण वगळून, आणि तिथे ऑस्ट्रेलियाच्या नॅथन लायनने फिरकीवरच आठ बळी घेऊन सामना काढला.

आता गोलंदाज भरपूर आहेत आणि वाद सरकलाय बॅटकडे. आठव्या क्रमांकावर धावा हव्यात म्हणून गोलंदाजी करणारा अष्टपैलू घ्यायचा की वीस बळींसाठी निखळ गोलंदाज? २०२५च्या इंग्लंड दौऱ्यात शार्दूलला दोन कसोटींत घेतलं, पण त्याच्या हाती चेंडू फारसा दिलाच नाही. फिरकीपटू कुलदीप यादव पाचही कसोटींत बाहेर बसला. ज्याला षटकं द्यायची नाहीत तो गोलंदाज अकरा जणांत कशासाठी, हा सवाल मला रास्त वाटतो.

याच दौऱ्यात जसप्रीत बुमरा तीनच कसोटी खेळणार हे आधीच ठरलं होतं. पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या गोलंदाजाला जपणं योग्यच. तो नसलेल्या दोन्ही कसोटी भारताने जिंकल्या: एजबॅस्टनला आकाश दीपने दहा बळी घेतले, ओव्हलवर पाचही कसोटी खेळलेल्या मोहम्मद सिराजने नऊ. विजय सहा धावांनी. त्यावरून काहींनी बुमराच्या उपयोगावरच शंका घेतली, ती मला बिलकूल पटत नाही. सिराज आणि आकाश दीप त्या दिवशी तयार होते, कारण बुमराला जपायचं म्हणून इतरांनाही घडवावं लागलं.