ऑर्डर नसलेली बदली

नागपूरला बदली नवी नाही. रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी), एजी ऑफिस (महालेखापालांचं कार्यालय), हायकोर्टाचं खंडपीठ यांच्या आधाराने वाढलेलं हे शहर. इथे प्रत्येक गल्लीत कुणीतरी बदलीवर आलेलं असतं, कुणीतरी गेलेलं असतं. त्यामुळे एखाद्या क्रिकेटपटूचं किंवा फुटबॉलपटूचं बिऱ्हाड अचानक हललं की शेजारी त्यालाही बदलीच म्हणतात. शब्द तोच असला तरी मागचे कागद अगदी वेगळे असतात.

सरकारी बदलीला लेखी ऑर्डर असते. केंद्राच्या 1979च्या जॉइनिंग टाइम नियमांनुसार 1,000 किमीपर्यंत 10 दिवस, 2,000 किमीपर्यंत 12 आणि त्यापुढे 15 दिवस मिळतात. सातव्या वेतन आयोगानंतर साधारणपणे मूळ वेतनाच्या 80 टक्के बदली अनुदान मिळतं. किती किलो घरसामान सरकारी खर्चाने न्यायचं तेही ठरलेलं आहे: वरच्या श्रेणींना 6,000 किलो, अगदी खालच्यांना 1,500. नवरा-बायको दोघंही सेवेत असतील तर शक्यतो एकाच ठिकाणी नेमणूक द्यावी, ही सूचना 1986ची. ती 2009 मध्ये पुन्हा ठासून काढली गेली. म्हणजे कर्मचाऱ्याच्या मागे एक घर आहे, हे सरकारी कागदाला मान्य आहे. व्यावसायिक खेळाडूच्या करारात साधारणपणे एकच नाव, एकच तिकीट आणि हॉटेलची एकच खोली असते. उरलेलं घर मागून येतं, आपल्या खर्चाने, आणि बहुतेक वेळा बायकोच्या भरवशावर.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. नागपुरातून खेळासाठी झालेल्या स्थलांतरांपैकी सर्वांत गाजलेलं सी. के. नायडूंचं. 1895 मध्ये नागपुरात जन्मलेले नायडू 1923 मध्ये होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला गेले आणि संस्थानच्या सैन्यात त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला. संस्थानी आश्रयाचे दोष पुष्कळ होते, पण खेळाडूला हुद्दा मिळे आणि हुद्द्याच्या पाठोपाठ राहण्याची सोय होई. स्वातंत्र्यानंतर संस्थानांची जागा रेल्वे, स्टेट बँक, टाटा, मफतलाल अशांनी घेतली. खेळाडू आधी नोकर, मग खेळाडू. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या खेळाडूच्या बायकोला बदलीचा त्रास नव्हता असं नाही. पण पास होता, रेल्वेचा दवाखाना होता आणि नव्या गावी क्वार्टरसाठी अर्ज करायला एक टेबल होतं.

पश्चिमेत गोष्ट उलट्या बाजूने सुरू झाली. इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटने 1873 मध्ये नियम केला की जन्माने काउंटीचा नसलेल्या खेळाडूला तिथे दोन वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागेल. म्हणजे आधी घर हलवायचं, मग खेळायचं. फुटबॉलमध्ये 1893 पासून ‘रिटेन अँड ट्रान्सफर’ पद्धत आली: करार संपला तरी क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. पगारावर कमाल मर्यादा होती. 1961 मध्ये ती उठली तेव्हा आठवड्याला 20 पौंड होती. बरेच खेळाडू क्लबच्याच घरात राहत. न्यूकॅसल युनायटेडशी भांडलेल्या जॉर्ज ईस्टहॅमच्या तक्रारींत एक तक्रार घराचीच होती: क्लबने दिलेलं घर राहण्यालायक नाही. 1963 मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणं बेकायदा ठरवलं. हा खटला खेळाडूच्या स्वातंत्र्याचा म्हणून शिकवतात. त्या घराची आठवण फार कुणी काढत नाही.

अमेरिकेत बेसबॉलपटू कर्ट फ्लड बारा हंगाम सेंट लुईसकडून खेळला. ऑक्टोबर 1969 मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला, 24 डिसेंबरला बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहिलं आणि पुढे खटला भरला. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला. पण त्या झगड्यातून 1973 मध्ये ‘दहा-पाच’चा नियम आला: दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली असतील तर खेळाडू अदलाबदल नाकारू शकतो. नियम चांगला, पण दहा वर्षं टिकलेल्यांसाठी. ज्याच्या घरात बालवाडीतली मुलं आहेत तो सहसा तिसऱ्या-चौथ्या वर्षात असतो. त्यात अदलाबदलीची मुदत जुलैच्या शेवटाला येते आणि तिकडच्या अनेक शाळा ऑगस्टमध्ये उघडतात.

15 डिसेंबर 1995 च्या बोसमन निकालाने (बोसमन या फुटबॉलपटूच्या खटल्यातल्या) युरोपात करार संपलेला खेळाडू मोकळा झाला. क्लबांना ट्रान्सफर फी मिळेना, तेव्हा ते करार संपायच्या आतच खेळाडू विकू लागले. 2002-03 पासून खेळाडूंच्या देवघेवीच्या ठरावीक मुदती, म्हणजे ‘विंडो’, आल्या आणि त्यातली एक जानेवारीत, शाळेच्या वर्षाच्या मधोमध. खेळाडूचे हक्क वाढले तशी घराची हलवाहलवही वाढली. दोन्ही एकाच कलमाची फळं.

आपल्याकडे रणजी 1934 पासून राज्यांच्या नावाने चालते. दुसऱ्या राज्याकडून खेळायचं तर आधीच्या असोसिएशनची एनओसी लागते, आणि एका संघात बाहेरचे तीनपर्यंत ‘प्रोफेशनल’ चालतात. विदर्भाला याचा मोठा फायदा झाला. गणेश सतीश कर्नाटकातून आला, वसीम जाफर 2015 मध्ये मुंबईहून, आणि 1 जानेवारी 2018 ला विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला, तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. करुण नायर 2023 मध्ये आला, 2024-25च्या विजेतेपदानंतर कर्नाटकात परतला. जितेश शर्मा 2025 मध्ये बडोद्याला गेला. नागपूर घेतंही आणि देतंही. जामठ्यावरच्या, म्हणजे नागपूरच्या स्टेडियमवरच्या, धावा सगळ्यांना पाठ असतात. पण ‘प्रोफेशनल’ पाच महिने हॉटेलात राहतो तेव्हा त्याचं घर कुणी सांभाळलं, हे स्कोअरकार्डावर येत नाही.

20 फेब्रुवारी 2008 ला आयपीएलचा पहिला लिलाव झाला आणि बदली टीव्हीवर, हातोड्याच्या ठोक्यावर होऊ लागली. नोव्हेंबर 2024चा मोठा लिलाव जेद्दात झाला. शिबिरं मार्चमध्ये. म्हणजे निदान तीन महिने तरी हाती होते. कुणाच्या तरी जागी ऐनवेळी बोलावणं आलं तर तेही नाहीत. शिवाय कधी कधी अख्खी स्पर्धाच हलते. 2009 मध्ये ती दक्षिण आफ्रिकेला गेली तेव्हा निर्णय आणि पहिला सामना यांत चार आठवडेही नव्हते. 2010 मध्ये डेक्कन चार्जर्सचे घरचे सामने हैदराबादऐवजी इतर गावांसोबत जामठ्यालाही झाले. फुटबॉलमध्ये तर 2019 मध्ये दिल्ली डायनामोज हा अख्खा क्लब भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा (इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा) पुढचा हंगामच स्थगित झाला. अशा वेळी घर हलवायचं की नाही हेच कळत नाही, आणि किराया दोन्हीकडचा चालू राहतो.

कुटुंबाचा उल्लेख नियमांत येतो तो बहुतेक मर्यादा घालण्यापुरता. जानेवारी 2025 मध्ये बीसीसीआयने 45 दिवसांहून मोठ्या दौऱ्यांत कुटुंबाला जास्तीत जास्त दोन आठवडे सोबत राहू देण्याचं ठरवलं. अमेरिकेत पी-1 व्हिसावर खेळणाऱ्याच्या जोडीदाराला पी-4 मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. जोडीदार नवरा असला तरी नियम तोच. 2023 पासून डब्ल्यूपीएल, म्हणजे महिलांची आयपीएल, सुरू झाल्यावर हे आपल्याकडच्या काही पुरुषांनाही कळू लागलंय, हे बरंच झालं.

या ताणाला शास्त्रात नावं उशिरा मिळाली. 1967 मध्ये होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटनांना गुण दिले, जोडीदाराच्या मृत्यूला 100. घर बदलणं 20, मुलांची शाळा बदलणं 20, जोडीदाराची नोकरी सुटणं किंवा लागणं 26, राहणीमान बदलणं 25, सामाजिक ऊठबस बदलणं 18, नातेवाइकांच्या गाठीभेटी कमी-जास्त होणं 15. बेरीज 124. सगळं एकाच ट्रकमध्ये बसणारं. एका वर्षात 150 च्या वर गेलं की आजारपणाचा धोका वाढतो, असं त्यांचं म्हणणं. खेळाडूच्या घरात पैशाची स्थिती बदलण्याचे 38 वेगळे धरावे लागतात, आणि मग आकडा 162 होतो. 1973 मध्ये समाजशास्त्रज्ञ हॅना पापानेक यांनी नोकरी एकाची पण काम दोघांचं, अशा संसाराला ‘दोन माणसांचं करिअर’ म्हटलं. खेळाडूच्या घराला हे अगदी चपखल बसतं.

डॉक्टरी भाषेत ॲडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणजे बदलानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारा त्रास: झोप न लागणं, रडू येणं, चिडचिड, कशातच मन न लागणं. कारण संपल्यावर तो साधारण सहा महिन्यांत ओसरायला हवा. इथे घोळ असा की रणजी ऑक्टोबरला सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते, त्याला लागून आयपीएल, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा ‘यंदा कुठं?’ सुरू. सलग सहा महिने मिळतच नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडलेली असेल तर पुढच्या गावाची वाट न पाहता बोलावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर कुठल्याही राज्यातून लागतो, त्यामुळे गाव बदललं तरी बोलण्याची सोय मोडत नाही.

आता प्रत्यक्ष काय अडतं. सगळ्यात आधी शाळा. सीबीएसईत नववी-दहावी आणि अकरावी-बारावी हे दोन-दोन वर्षांचे सलग अभ्यासक्रम आहेत. थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश हवा तर बोर्डाची परवानगी लागते, आणि पालकाची बदली हे त्याचं मान्य कारण. शाळा मागते बदलीची ऑर्डर. खेळाडूकडे ती नसते. म्हणून करारावर सही होतानाच असोसिएशन किंवा फ्रँचायझीच्या लेटरहेडवर एक पत्र मागून घ्यावं: कुठल्या शहरात, कोणत्या तारखेपासून, किती काळ. नंतर मागितलं तर सही करणारा मॅनेजरच बदललेला असतो. टीसीवरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी तिथल्या तिथे जुळवावं, नाहीतर दुरुस्तीसाठी जुन्या गावी परत यावं लागतं. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तोवर बंगळुरू-चेन्नईत वर्ग सुरू झालेले असतात. त्यात भाषा. तामिळनाडूचा 2006चा, कर्नाटकचा 2015चा, तेलंगणाचा 2018चा आणि आपला 2020चा, सगळे कायदे राज्यभाषा शिकणं सक्तीचं करतात. कुठल्या इयत्तेपासून आणि कुठल्या बोर्डाला कसं, हे प्रवेशाआधीच विचारावं.

बायको नर्स किंवा डॉक्टर असेल तर राज्याच्या कौन्सिलची नोंदणी दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. वकील असेल तर 1961च्या कायद्याच्या कलम 18 खाली एका बार कौन्सिलमधून दुसरीकडे नाव हलवावं लागतं. हे अर्ज ट्रक ठरवायच्या आधी टाकायचे. गावी पोचून टाकले की मधले महिने कमाईविना जातात, आणि ‘ही काही करत नाही’ हे ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

किरायाच्या घराचा करार महाराष्ट्रात 1999च्या कायद्याच्या कलम 55 नुसार लेखी आणि नोंदणीकृत हवा, 11 महिन्यांचा असला तरी. खरी मारामारी लॉक-इनवर, म्हणजे घर सोडता न येण्याच्या मुदतीवर, असते. खेळाडूच्या घराने तीन महिन्यांहून जास्त लॉक-इन आणि एका महिन्याहून जास्त नोटीस मान्य करू नये. ‘कामाचं ठिकाण बदलल्यास लॉक-इन लागू नाही’ हे वाक्य घालून घ्यावं. दोन हजार रुपये किराया जास्त पडला तरी चालेल. बंगळुरात पाच ते दहा महिन्यांचं डिपॉझिट मागणारे घरमालक अजून आहेत, तिथे ही रक्कम परत कधी मिळणार याची तारीख लिहून हवी.

एमएच-31 ची गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, आणि तिकडे नव्याने नोंदणी. सप्टेंबर 2021 पासूनची बीएच सिरीज यावर चांगला उपाय, पण ती सरकारी, सार्वजनिक उपक्रमातल्या किंवा चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपनीतल्या नोकरदारांना. रेल्वेतल्या खेळाडूला मिळते, नुसत्या करारावर खेळणाऱ्याला नाही. गॅसचं सोपं आहे: सिलेंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून व्हाउचर घ्यायचं, शेगडी सोबत न्यायची.

आणि कूलर. नागपूरचं कुठलंही घर तो ट्रकमध्ये चढवतंच. पण कूलर चालतो तो कोरड्या हवेमुळे, पाणी उडून जातं म्हणून गारवा येतो. चेन्नईच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, खोली नुसती ओलसर होते आणि भिंतीला बुरशी धरते. तो इथेच ठेवावा किंवा विकावा, मार्च-एप्रिलमध्ये बरा भावही येतो.

दोन बेडरूमच्या घराचे साधारण 40 ते 50 नग होतात. प्रत्येक नगावर आकडा आणि खोली लिहायची, यादी दोन प्रतींत, बिल्टीवर (ट्रकवाल्याच्या पावतीवर) नगांची संख्या यादीशी जुळवूनच सही. अर्धं सामान दुसऱ्याच्या सामानासोबत जाणार असेल तर ट्रक दोन-तीन दिवसांत पोचत नाही, आठवडाही लागतो. म्हणून एक नग ट्रकमध्ये द्यायचाच नाही: लहान कुकर, तवा, चार ताटं, चादरी, एक्स्टेन्शन बोर्ड, मुलांची औषधं. त्याच पिशवीत मूळ कागदांची फाइल. टीसी, जन्मदाखले, नोंदणीची प्रमाणपत्रं, लेटरहेडवरचं पत्र. ही फाइल बहुतेक वेळा ‘सुरक्षित राहील’ म्हणून गोदरेजच्या कपाटात ठेवली जाते, आणि कपाट ट्रकमध्ये सगळ्यात आत जातं.