खाऱ्या पाण्यात जंतू नसतात, हा गैरसमज

कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजारात आलेली कोळंबी घेताना हमखास ऐकू येतं, "समुद्राची आहे, मिठात जंतू कुठले?" हे साफ चूक आहे. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जंतूला तर वाढायला मीठ लागतंच. १९५० मध्ये जपानमधल्या ओसाकात बारीक मासळीतून विषबाधा झाली, तेव्हा तो सापडला.

पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू त्याचाच भाऊबंद. खाडीच्या मचूळ पाण्यात तो कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या सूक्ष्म जिवांच्या कवचाला चिकटून राहतो. त्या कवचातला कायटिन नावाचा कठीण पदार्थ तो खातो आणि तिथंच बसून आजूबाजूच्या इतर जंतूंचा डीएनएसुद्धा आत ओढून घेतो. पटकीचं विष बनवणारी जनुकं त्याला चक्क एका विषाणूकडून मिळाली आहेत. हे १९९६ मध्ये उघड झालं.

पाणी कोमट झालं की हे जंतू भराभर वाढतात. म्हणून उन्हाळ्यात बर्फ वितळलेल्या पेटीतली कोळंबी घेऊच नका. मीठ-हळद चोळून जंतू मरतील या भरवशावर राहू नका, ते मरतात पूर्ण शिजवल्यावर. आणि कोळंबी साफ केलेली विळी साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका.