वरून वाळलेला कोबा आतून ओला असतो

"मे महिन्यात जमिनीवर लाकडी फळ्या टाका, आपल्या उन्हात कोबा पार वाळलेला असतो," हा सल्ला विदर्भातल्या गावांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. ४५ अंशांत वाळतो तो वरचा थर. जुन्या घरांत कोब्याखाली ओल अडवणारं प्लास्टिक बहुधा नसतंच. खाली काळी माती, आणि ती पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवते. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून ते वर चढतं. उघड्या कोब्यावरून उडून जातं, म्हणून दिसत नाही. फळ्या टाकल्या की ती वाट बंद! लाकूड खालून ओल पितं, वरून कोरडं राहतं. फळीच्या कडा उचलतात, मधे खोलगट होतं. आलापल्लीचं सागवान घेतलं तरी सुटका नाही. साग सहजी सडत नाही हे खरं, पण ओलीनं तोही फुगतोच.

तपासायचं तर ऑगस्टमध्ये तपासा. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं कोब्याला घट्ट लावा, किमान १६ तास ठेवा. खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला, तर आधी २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरा, जोडावर वीतभर चढवून, भिंतीला थोडं वर वळवून. आणि त्यातून खिळा मारू नका. फळ्या एकमेकींत अडकवायच्या, कोब्याला नाही.