अनंत आहे, म्हणून बिनटोकाचं?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एक, दश, शत, सहस्र करत स्थानांची नावं परार्धापाशी थांबतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. नावं संपली तरी परार्धात १ मिळवायला कोणाची हरकत आहे? १, २, ३... या संचात सर्वांत मोठी संख्या नाही, हे शाळकरी पोरालाही पटतं. घोळ होतो तो पुढे. ‘अनंत’ म्हणजे ‘ज्याला टोक नाही ते’, असं आपण धरून चालतो.

याच संचाला एका बाजूने टोक आहेच की: १. ऋण पूर्णांक घेतले तर उलटं, सर्वांत मोठा –१ आणि खाली तळ नाही. ० ते १ मधल्या सगळ्या संख्या दोन्ही टोकांसकट घ्या. दोन्ही टोकं हजर, तरी मध्ये संख्या अनंत.

आता यातून फक्त ० आणि १ वगळा. उरलेल्यांत सर्वांत मोठी कोणती? ०.९ म्हणाल तर ०.९९ आहे, त्याच्या पुढे ०.९९९. इथे कोणीतरी हमखास म्हणतं, ‘मग न संपणारे नऊ लिहू!’ पण ते अखंड ०.९९९... म्हणजे नेमका १ च, आणि त्याला तर आपण आत्ताच बाहेर काढलंय. १, १/२, १/३, १/४... या रांगेचंही तसंच. मोठी संख्या १, लहान कोणतीच नाही. रांग शून्याकडे सरकत राहते, पण शून्य स्वतः रांगेत नाही.

निदान इथे कड तरी दिसते. खरी गंमत ती कडच सापडत नाही तेव्हा. ज्यांचा वर्ग २ पेक्षा कमी आहे असे सगळे धन अपूर्णांक गोळा करा (पूर्णांकही त्यातच धरा). त्यातला कुठलाही एक उचला, मी त्याच संचातला त्याहून मोठा काढून देतो. कृती सोपी आहे: अंश आणि छेद यांच्या बेरजेची दुप्पट हा नवा अंश, जुना अंश अधिक छेदाची दुप्पट हा नवा छेद. १/१ पासून निघालात तर ४/३, मग १४/१० म्हणजे ७/५ (असाच संक्षेप पुढेही), मग २४/१७, मग ४१/२९. शेवटचा तपासून पाहा: ४१ चा वर्ग १६८१, २९ च्या वर्गाची दुप्पट १६८२. एकाने हुकलं! आणि हे हुकणं कधीच थांबत नाही.

वर्ग २ पेक्षा जास्त असलेल्यांना हीच कृती लावा: ३/२, १०/७, १७/१२... आता संख्या लहान होत जातात, तरी त्यांचे वर्ग २ च्या पलीकडेच राहतात. म्हणजे डाव्या गटात सर्वांत मोठा नाही, उजव्या गटात सर्वांत लहान नाही, आणि ज्याचा वर्ग बरोबर २ येईल असा अपूर्णांक तर मुळातच नाही.

१८५८ मध्ये झुरिचला कॅल्क्युलस शिकवताना रिचर्ड डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाला हीच गोष्ट खटकली. संख्यारेषा सलग आहे, हे चित्र काढून दाखवता येत होतं. सिद्ध करायला पाया नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला वाट सापडली, छापली मात्र १८७२ मध्ये. सगळ्या अपूर्णांकांची अशी दोन गटांत फाळणी झाली आणि मध्ये कोणीच सापडलं नाही, तर त्या फाळणीमागे एक नवी, अपरिमेय (अपूर्णांकात मांडता न येणारी) संख्या उभी करायची. आपल्या या फाळणीतल्या संख्येला आपण २ चं वर्गमूळ म्हणतो.